शनिवारचे दिवे

मार्लिसनं माळ्याच्या झाकणाला खांदा लावला आणि ते वर रेटलं. तीन महिने कुणाचा हात न लागलेलं झाकण आधी कुरकुरलं, मग एकदम उघडलं, आणि वरचा गारठा नि धूळ दोन्ही तिच्या तोंडावर आली. तिनं तोंडावरची पट्टी नीट केली, टॉर्च आत ठेवला आणि गुडघा वर घेतला.

"तुळईवर पाय ठेव," खालून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मधे ठेवलास तर थेट माझ्या कॉफीत येशील."

"इसा, एकोणीस वर्षं मी हेच काम करतेय." इसा म्हणजे फिन्निशमध्ये बाबा; ती बापाला कायम याच नावानं हाक मारायची.

"म्हणून तर सांगतोय. सरावलेला माणूसच घसरतो."

घसरण्याबद्दल या माणसानं बोलावं, म्हणजे कमालच झाली. मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच शिडी, हेच झाकण. नोव्हेंबरात हाच म्हातारा, रेइनो लाहती, वय वर्षं चौऱ्याऐंशी, इथूनच खाली पडला होता. मार्लिस दुपारी आली तेव्हा तो बोळात कोटाची उशी करून पडला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि तिला पाहून पहिलं काय म्हणाला, तर सौना, ती वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवायचा राहिला. माळ्यावर कशाला चढला होतास, असं विचारल्यावर म्हणाला, खार शिरली होती. खारीसाठी माणूस चार तास फरशीवर पडून राहिला. त्यानंतर इस्पितळ, मग चालायला शिकवणारं केंद्र, आणि परवा रविवारी डेनीनं, तिच्या भावानं, त्याला घरी आणून सोडलं होतं.

घरी, पण तात्पुरतं. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती, आणि शुक्रवारी दहा वाजता ती बघायला जायचं ठरलं होतं. डेनीच्या मते बघायचं असं काही उरलंच नव्हतं. म्हातारा मात्र एकच धरून बसला होता: घर तेवढं गरम करून द्या, मी इथंच राहतो. त्याला एकट्याला इथं ठेवायचं की नाही, हे डेनीनं मार्लिसवर सोपवलं होतं. माळ्याचं तुलाच कळतं, जाऊन बघ आणि काय ते सांग. म्हणून तिनं मंगळवारची रजा टाकली होती, आणि डुलुथहून सत्तर मैल गाडी हाकत आली होती.

आल्या आल्या अंगणातून तिनं छपराकडं पाहिलं होतं. हातभर बर्फ, आणि स्वयंपाकघराच्या वर त्यात ताटाएवढी दोन काळी भोकं. घरातली ऊब तिथून गळत होती, बर्फ वितळत होता, आणि ते पाणी वळचणीला येऊन गोठत होतं. मनगटाएवढे सुळे लोंबत होते. हे असं होणारच, यात नवल नव्हतं. स्वयंपाकघराच्या छतात दिवे गाडलेले, आणि जिथं दिव्यासाठी भोक पाडलं तिथून ऊब वर जाणार. पण दिवे होते सहा, आणि बर्फात भोकं दोनच. हे तिच्या डोक्यात टोचलं होतं, पण दोन्ही हातांत सामान होतं, म्हणून तिनं ते तिथंच सोडलं.

आता ती रांगत पुढं सरकली. माळा बुटका, मान वर करायची सोय नाही. वरून वाशांतले खिळे टोपीला लागत होते, खालून तुळया गुडघ्यांना. श्वासानं चष्मा धुरकटत होता. तुळयांमधली ऊब अडवणारी गुलाबी काचलोकर जुनी होऊन दबली होती, आणि बाहीतून कशी कोण जाणे आत शिरून खाजायला लागली होती. एकोणीस वर्षांत त्या खाजेची सवय होत नाही, होते म्हणणारा खोटं बोलतो.

टॉर्चचा झोत दिव्यांच्या रांगेवर पडला आणि ती थांबली.

दिव्यांचे टिनाचे डबे दिसायला हवे होते. त्यातले दोनच दिसत होते. उरलेल्या चारांवर गच्च भरलेल्या उश्या बसवल्या होत्या, कोंबडीनं अंड्यांवर बसावं तशा.

"इसा."

"काय?"

"दिव्यांवर उश्या कुणी ठेवल्या?"

खाली कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तिथनं थंडी येते," म्हातारा म्हणाला.

"थंडी येते म्हणून घराला आग लावायची?"

"लागली का?"

"लागली नाही म्हणजे लागणार नाही असं असतं का? पंचाहत्तर वॅटचा दिवा आहे तो. तव्यासारखा तापतो. वर गादी घातलीस तर ती उष्णता जाणार कुठं? लाकूड आतल्या आत भाजत राहतं, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस कागदासारखं पेटतं. डब्याच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर चक्क लिहिलेलं असतं, चारी बाजूंनी तीन इंच जागा मोकळी ठेवा म्हणून."

"वाचलीय मी."

"कधी?"

"पहिल्याच हिवाळ्यात."

म्हणजे अजाणतेपणी नव्हे. वाचून, समजून, वर चढून. मार्लिसनं दात आवळले. लोकांच्या घरी जाऊन ती हेच सांगत फिरायची. जिल्ह्याच्या पथकात कामाला होती ती, म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं उबदार करून देणाऱ्या, आणि प्रत्येक म्हातारीच्या स्वयंपाकघरात उभं राहून मार्लिस बोट वर करून विचारायची, आजी, या दिव्यांवर काही ठेवलं नाही ना? आणि इथं स्वतःच्या बापाच्या डोक्यावर हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिनं हातमोजा दातानं ओढून काढला, फोटो काढला आणि डेनीला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ. सगळं माहीत असून.'

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. 'संपला विषय. शुक्रवार पक्का.'

ते वाचून बरं वाटायला हवं होतं. ती चडफडत पहिल्या उशीकडं सरकली.

एक फोटो पुरेसा नव्हता. म्हाताऱ्याला पटवायचं तर करपलेलं कापड त्याच्या हातात द्यायला हवं. तोंडी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं उशी उचलून उलटी केली, झोत जवळ आणला. डाग नाही. कापड पिवळ्या चौकड्यांचं, रंग उतरलेला, पण करपल्याची खूण कुठं नाही. तिनं बोटं फिरवली, नाकाशी धरून वास घेतला. जुनी लोकर आणि डांबराच्या गोळ्या. तिनं दुसरी उशी उलटली. तीही स्वच्छ. शेजारच्या तुळईवर नखानं खरवडून पाहिलं, तर लाकूड कापून आणलं त्या दिवसासारखं पांढरं.

हे बरोबर नव्हतं. गेल्याच वर्षी क्लोके गावातल्या एका घरात अशाच दिव्याशेजारची तुळई तिच्या बोटानं कोळशासारखी तुटली होती, आणि त्या घरात तर हे दिवे लावून सातच वर्षं झाली होती. इथं बावीस. बावीस हिवाळे उश्यांखाली पंचाहत्तरचे दिवे जळले, आणि साधी तांबूस झाक नाही? पुरावा हाताशी येईना तसा तिचा तिळपापड व्हायला लागला. म्हातारा खाली बसून कॉफी पितोय आणि त्याचं लाकूडसुद्धा त्याच्याच बाजूनं.

"सापडली का खार?" खालून विचारणा झाली.

"गप्प बस जरा, इसा."

पिवळ्या चौकड्या. तिनं पुन्हा उशी हातात घेतली. हे कापड तिच्या ओळखीचं होतं. ती शाळेत होती तेव्हा हेच पडदे स्वयंपाकघराच्या खिडकीला होते. आणि कडेची शिवण, एक लांब टाका, दोन आखूड, ती आईची. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणजे आईनंही यात हात घातला होता. दोघांनी मिळून, तिला एका शब्दानं न सांगता.

तिला का सांगितलं नसेल, ते मात्र तिला माहीत होतं. दिवे तिनंच आणले होते. आईच्या, हेल्मीच्या, साठाव्या वाढदिवसाला, विणताना आईला टाके दिसत नाहीत म्हणून. दोन दिवस खपून छताला सहा भोकं तिनंच पाडली होती, आणि सहाही दिवे लागले तेव्हा आई मधोमध उभी राहून गोल फिरली होती. दुकानात दोन जातींचे दिवे होते. एकाच्या अंगाला लोकर लागली तरी चालते, दुसऱ्याच्या अंगाला काही म्हणजे काही लागू द्यायचं नसतं. त्या वयात तिला हा फरकच ठाऊक नव्हता. पुढं ठाऊक झाला, तेव्हा दोन-तीनदा ती म्हणाली होती, एकदा तुमचा माळा बघून घेते. आणि प्रत्येक वेळी म्हातारा म्हणाला होता, आधी चल, सौना गार होतोय.

पुढच्या उशीकडं जाताना गुडघ्याखाली काहीतरी रुतलं. दोरी होती. दोरीचं एक टोक उशीच्या कोपऱ्याला शिवलेलं, आणि दुसरं तुळयांवरून सरळ झाकणापर्यंत गेलेलं. तिनं झोत फिरवला. प्रत्येक उशीला एक दोरी, सगळ्या झाकणाच्या कडेला एका ओळीत खिळ्यांना अडकवलेल्या, आणि खाली पेन्सिलीनं आकडे, एक ते सहा. शिडीवर उभं राहून, आत न येता, एकेक उशी ओढून घ्यायची सोय. लोखंडाच्या खाणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाची सोय.

एक आणि दोन नंबरच्या उश्या झाकणाशी ओढून घेतलेल्या होत्या, एकीवर एक नीट रचून. येताना त्यांच्यावरूनच ती रांगत आली होती. तीन नंबरची दिव्यावर तिरकी होऊन एका खिळ्यात अडकली होती, आणि तिची दोरी खिळ्यावरून सुटून झाकणाच्या कडेशी तुटलेली पडली होती. त्या टोकाला हिसका बसलेला होता, पीळ उकलून धागे सुटले होते.

मार्लिस दोन तुळयांवर दोन गुडघे टेकून तशीच राहिली.

म्हातारा पडला तो शनिवार होता. शनिवारी ती येते. गेली बावीस वर्षं दर शनिवारी तीन वाजता ती सौनाला येते, मग या स्वयंपाकघरात कॉफी होते. दारातून आत आली की बूट काढायच्याही आधी तिचा हात बटणाकडं जातो. अंधारात काय बसता, हे तिचं ठरलेलं वाक्य. सहाही दिवे लावायचे, आणि ती जाईपर्यंत, चार तास, ते जळत राहायचे. म्हातारा कधी म्हणाला नाही, विझव. आईही म्हणाली नाही.

आणि आई गेली त्या आठवड्यात ती एकदाच बुधवारी आली होती. सवयीनं हात बटणाकडं गेला तर तिथं कॅलेंडर टांगलेलं. म्हातारा म्हणाला होता, फ्यूज गेलाय. टेबलावरच्या छोट्या दिव्याच्या उजेडात दोघं बसले होते.

बावीस हिवाळे. शनिवारी सकाळी वर चढून सहा उश्या ओढायच्या, रविवारी पुन्हा ठेवायच्या. साठीत, सत्तरीत, ऐंशीनंतरही. तिनं मनात गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. चष्मा धुरकटला होता, तो पुसायला काढला तर हातमोज्याची लोकर डोळ्यांत गेली, आणि ती बराच वेळ डोळे चोळत राहिली.

"झोपलीस का?" खालून आवाज आला.

"काम करतेय."

मग तिनं खरंच काम केलं. सहाही डबे उघडे केले. सोबत आणलेल्या टोप्या, दगडी लोकरीच्या, उलट्या बादलीएवढ्या, एकेका डब्यावर अशा बसवल्या की टिनाला कुठून शिवणार नाहीत. फूटपट्टी घालून चारी बाजूंनी तीन इंच मोजले, एकदा नव्हे, दोनदा. कडेनं आगीला दाद न देणारा तांबडा मसाला भरून फट बुजवली, म्हणजे खालची ऊब खालीच राहील. मग तुळयांमध्ये नवी काचलोकर अंथरली, टोप्यांच्या अंगालगत, न दाबता. कंबर मोडून आली. चौथ्या टोपीपाशी मसाल्याची नळी गोठली, ती तिनं काखेत धरून गरम केली. पडद्याच्या उश्या तिनं टाकून दिल्या नाहीत. दोऱ्या कापून एकेक खाली सोडल्या.

खाली आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि सूर्य स्प्रूसच्या झाडांमागं उतरायला लागला होता. म्हातारा चालताना धरायचा लोखंडी घोडा समोर ठेवून टेबलाशी बसला होता. पुढ्यात वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे, एक तिच्यासाठी झाकून ठेवलेला. त्यानं बोळातल्या उश्यांकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

तिनं हात धुतले, तळघरात जाऊन कामाआधी बंद केलेला फ्यूज चालू केला, परत आली, कॉफी ओतून घेतली.

"कुठली खार होती रे?"

"हं?"

"नोव्हेंबरात. जी बघायला चढला होतास."

"तांबडी," तो म्हणाला. "तांबडीच असते."

"किती वाजले होते?"

"अकरा असतील. सौना पेटवायच्या आधी." एवढं बोलून तो कपात बघायला लागला.

फोन वाजला. डेनी होता. "फोटो मी बायकोलाही दाखवला," तो म्हणाला. "वेडेपणाचा कळस आहे. नशीब म्हणायचं आपलं. शुक्रवारी मी परस्पर तिथं येतो, दहाला."

"डेनी, ते दिवे मी लावलेत."

"कुठले दिवे?"

"स्वयंपाकघरातले. चुकीचे आणले होते मी. त्याला ते पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. शुक्रवारचं राहू दे. तिथं फोन मी करते."

"मार्लिस, तो माणूस शिडीवरून—"

"शिडी मी घेऊन जातेय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

म्हातारा पावाला लोणी लावत होता. लोणी आधीच लावलेलं होतं, त्यावर तो पुन्हा लावत होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "मला आता काय काम तिचं."

"सांगितलं का नाहीस?"

त्यानं सुरी ठेवली.

"हेल्मी गोल फिरली होती," तो म्हणाला. "तुला आठवत नसेल."

मार्लिसनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही. खिडकीबाहेरचा उजेड निळसर होत चालला होता. ती उठली आणि दाराशेजारच्या भिंतीपाशी गेली. पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर बटणावर बरोबर बसलेलं होतं. शुक्रवारच्या चौकोनात सकाळी आल्यावर तिनंच दहा लिहिलेलं, भोवती निळं वर्तुळ. तिनं कॅलेंडर खिळ्यावरून उचललं.

मागं खुर्ची सरकली. घोड्याच्या पायांचा फरशीवर खडखडाट झाला.

"थांब," म्हातारा म्हणाला. अर्धवट उठला होता, एक हात पुढं केलेला. "आज मंगळवार आहे."

तिनं वळून पाहिलं. तो छताकडं बघत होता.

"बस, इसा. टोप्या घातल्यात," ती म्हणाली. "आता कुठलाही वार चालतो."

तो उभाच राहिला. तिनं बटण दाबलं.